मोबाईलचाही एक वार पाळूया

परवा निपाणीच्या स्टँडवर एका म्हातारीने हाक मारली. "बाळा, एवढा नंबर लावून दे की." तिच्या फोनचं चार्जिंग संपलेलं. कनवटीचा बटवा सोडून तिने पानतंबाखूच्या खालून चौघडी घातलेली चिठ्ठी काढली. वहीचा कागद, पेनाने लिहिलेले चार नंबर, घड्या विरलेल्या. "लेकाला सांग, म्हातारी स्टँडवर हाय." मी लावून दिला. बेळगावच्या गाडीत बसल्यावर सहज आठवून बघितलं, मला कुणाचा नंबर पाठ आहे? सख्ख्या बहिणीचाही नाही. मनाला लागलं ते.

फोन टाकून द्या असं मी म्हणणार नाही. सीमाभागात तर नाहीच. उसाचं बिल जमा झाल्याचा मेसेज त्यावर येतो, गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आले की नाही ते त्यावर कळतं. कन्नडमधली नोटीस आली की आमचा मराठी माणूस आता कॅमेरा धरून तिचा अर्थ लावतो. पूर्वी तोच कागद घेऊन तो शेजारच्या कन्नड मास्तरांच्या घरी जायचा. मास्तर वाचून दाखवायचे, चहा व्हायचा, पोराच्या लग्नाची चौकशी व्हायची. कागद आता लवकर कळतो, पण मास्तरांच्या घरची वाट मोडली.

सगळ्यात मोठी चोरी झाली ती दिवेलागणीची. देवापुढे दिवा, पोरांचे पाढे, परवचा, चुलीपुढच्या गप्पा, सगळं त्या तासाभरात व्हायचं. आता त्या वेळी घरात चार माणसं आणि चार पडदे. दोष मात्र पोराचा! बाप रील बघत ओरडतो, "मोबाईल ठेव आणि अभ्यासाला बस." पोरगं कशाला ऐकेल?

यावर उपाय सापडलाय, आणि तो आपल्याच मुलखात. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून नेम धरला: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन वर्गांनी पोरांच्या हातात फोन आला तो सुटेना, म्हणून गावाने हे केलं. ठराव आधी बायकांपुढे ठेवला, आणि आम्हीही मालिकांत अडकलोय हे बायकांनी मोकळेपणी कबूल केलं. मला मोठेपणा दिसतो तो या कबुलीत. डिसेंबर 2025 मध्ये आपल्या हलग्यानेही तीच वाट धरली. बेळगावच्या सुवर्णसौधच्या शेजारचं हे गाव. तिथे सात ते नऊ.

हे टिकतं कशामुळे, तर भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. एकट्या घराने फोन बंद ठेवला तर पोराला ती शिक्षा वाटते. अख्ख्या गावाने ठेवला की तीच रीत होते.

आणि रीत पाळणं बेळगावकरांना कुणी शिकवायला नको. यात्रेआधी आपल्या गावांत वार पाळतात. पंच बसतात, गाऱ्हाणं घालतात, वार ठरतो. मग त्या दिवशी शेतात कुणी काम करत नाही. पेरणी तोंडावर असली तरी नाही! ज्या गावाला औत थांबवता येतं, त्याला दोन तास फोन थांबवता येणार नाही? निपाणीला तर आणखी सांगायची गरज नाही. तंबाखूवर पोट भरणारं हे गाव, 1981 साली त्याच तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेलं. तलफ म्हणजे काय हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. रिकामा हात खिशाकडे कसा जातो ते बघा. पूर्वी चंचीकडे जायचा, तसाच.

शहरातल्या गल्ल्यांनीही मनावर घ्यावं. गणपतीची वर्गणी घरोघर फिरून गोळा करणारी मंडळाची पोरं आहेत, शब्दाला मान असलेले पंच आहेत. त्या दोन तासांत वाचायला पुस्तकं हवीत, तर 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय बेळगावात उभं आहे. कमी आहे ती एका भोंग्याची.

आमच्या गल्लीच्या पंचांना मी काल चिठ्ठी दिली. पहिला वार येत्या मंगळवारी धरावा, सात ते नऊ, पंचांच्या घरापासून सुरुवात करून, असं लिहिलंय. खाली सही केली, फोन नंबर घातला नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर त्या वेळी मी घरीच आहे.