पाहिजे: यष्टिरक्षक (यष्टिरक्षण येत असल्यास उत्तम)

भारतीय संघाची यादी जाहीर झाली की आपल्याकडे आधी कंसातलं 'यष्टिरक्षक' शोधलं जातं. पूर्वी हा कंस एकाच नावापुढे असायचा. आता यादीत कंसच इतके असतात की ती बीजगणिताची वही वाटावी. नोव्हेंबर 2025 मध्ये ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपल्या अकरांत ऋषभ पंत, ध्रुव जुरेल आणि के. एल. राहुल असे ग्लोव्हज घालू शकणारे तिघे होते. जिंकायला 124 धावा हव्या होत्या, आपण 93 वर आटोपलो. तीन-तीन कीपर असून सामना हातून निसटला.

तरी 'पुढचा कीपर कोण?' ही चर्चा काही थांबत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ती बहुधा नरेन ताम्हाणेंपासून सुरू होते आणि 'आता तसे हात राहिले नाहीत' इथे संपते. कट्ट्याला वाटतं, हा क्रिकेटचा प्रश्न आहे. तो क्रिकेटचा नाही, आस्थापना शाखेचा आहे. यष्टिरक्षक हे भारतीय संघातलं मंजूर पद आहे. मंजूर पदाचं आपल्याकडे काय होतं, हे ज्याने एकदा तरी सातबाऱ्यासाठी तहसील कचेरीची पायरी चढली आहे त्याला सांगायला नको. पद कागदावर एक असतं. टेबलामागे कोणी हंगामी असतो, कोणी प्रभारी, आणि उरलेले प्रतीक्षा यादीत.

आधी पात्रता बघू. या पदाची जाहिरात कधी छापून आलेली नाही, पण मसुदा सगळ्यांना पाठ आहे. उमेदवाराने सातव्या क्रमांकावर येऊन चौथ्या क्रमांकासारखं खेळावं. वेळ पडल्यास सलामीला जावं, आणि सलामीला गेला तरी शेवटच्या षटकात षटकार मारायला हजर असावं. रिव्ह्यू घ्यायचा की नाही हे कर्णधाराला खुणेने सांगावं. चुकला तर खूण त्याची, बरोबर आला तर निर्णय कर्णधाराचा. शिवाय स्टम्प माईकवर करमणूक करता यावी. 2021 साली ब्रिस्बेनला पंत यष्टींमागे स्पायडरमॅनचं गाणं गुणगुणला, तेव्हापासून ही अट फारच कडक झाली आहे. यष्टिरक्षणाची ओळ जाहिरातीत अगदी तळाशी येते, एमएस-सीआयटीच्या शेजारी. प्रमाणपत्र रुजू झाल्यावर सवडीने आणलं तरी चालतं.

पण ज्याच्याकडे ते प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून असतं त्याचं काय होतं? वृद्धिमान साहाची फाईल काढा. जानेवारी 2018 मध्ये केप टाऊनला त्याने एका कसोटीत 10 झेल घेतले. तोवर एकाही भारतीय कीपरला हे जमलं नव्हतं. त्याच डिसेंबरात पंतने ॲडलेडला 11 घेतले, म्हणजे विक्रमही बदलून गेला. पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये, यापुढे आपला विचार होणार नाही असं आपल्याला कळवण्यात आल्याचं साहानेच जगाला सांगितलं. निदान कळवलं तरी. या पदावरच्या बऱ्याच जणांना आपण सेवामुक्त झाल्याचं सकाळच्या पेपरातूनच समजलेलं आहे.

मग फलंदाजी पक्की केली की नोकरी पक्की होते का? तेही नाही. बुधी कुंदरन यांनी जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध 192 धावा केल्या, त्या मालिकेत एकूण 525. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाचा संघ आला तेव्हा यष्टींमागे इंद्रजितसिंहजी उभे होते. फारुख इंजिनिअर तर केसांना ब्रिलक्रीम लावून जाहिरातीतही चमकले, आणि 1967 साली मद्रासलाच वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्या दिवशी उपाहारापर्यंत नाबाद 94 होते. असे दोन उमेदवार एकाच वेळी असले की शासन काय करतं? दोघांनाही सामावून घेतं. 1967 च्या एजबॅस्टन कसोटीत इंजिनिअरना ग्लोव्हज मिळाले आणि कुंदरनना नवा चेंडू. तू काय टाकतोस, असं कर्णधार पतौडींनी विचारल्यावर आपल्यालाही ते ठाऊक नाही असं कुंदरन म्हणाल्याचा किस्सा अजून सांगतात. अतिरिक्त कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचं इतकं स्वच्छ उदाहरण मंत्रालयातही सापडणार नाही.

नेमणुकांचा सुवर्णकाळ मात्र 2000 ते 2002. नोव्हेंबर 2000 ते ऑगस्ट 2002 या काळात कसोटीत भारताच्या यष्टींमागे सबा करीम, विजय दहिया, नयन मोंगिया, समीर दिघे, दीप दासगुप्ता, अजय रात्रा आणि पार्थिव पटेल असे सात जण उभे राहून गेले. दोन वर्षंही भरली नाहीत. वयोमर्यादा पूर्ण शिथिल होती: आपल्या मुंबईचा दिघे पहिली कसोटी खेळला तेव्हा 32 वर्षांचा होता, पटेल 17 वर्षांचा. दिघेने त्या पहिल्याच कसोटीत, मार्च 2001 मध्ये चेन्नईला, सगळ्यांची नखं खाऊन झालेली असताना नाबाद 22 धावा करून ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका जिंकून द्यायला हातभार लावला. वर्ष संपायच्या आत दासगुप्ता रुजू झाला होता. त्याला सलामीलाही पाठवलं, तर पठ्ठ्याने मोहालीत इंग्लंडविरुद्ध शतक ठोकलं. पुढच्या मे महिन्यात अँटिग्वाला रात्राने नाबाद 115 केल्या. त्याच सामन्यात भारताच्या अकराही जणांनी गोलंदाजी केली, म्हणजे रात्रानेही. आता कीपरकडून याहून काय हवं? ऑगस्टात नॉटिंगहॅमला पटेल होता. रोजंदारीवरच्या माणसाने ओव्हरटाइम केला म्हणून कोणी त्याला कायम करत नाही.

यावर व्यवस्थेने शोधलेला कायमचा तोडगा म्हणजे अतिरिक्त कार्यभार. ज्याच्याकडे आधीच एक खातं आहे, त्याच्याच टेबलावर दुसऱ्या खात्याची फाईल ठेवायची. 2003 च्या विश्वचषकात ग्लोव्हज राहुल द्रविडला दिले, कारण त्याला नाही म्हणता येत नव्हतं. संघात निवडलेला कीपर पार्थिव पटेल एकही सामना न खेळता परत आला. वीस वर्षांनी हाच कार्यभार दुसऱ्या राहुलकडे गेला. दोन्ही वेळा आपण अंतिम फेरी गाठली, दोन्ही वेळा समोर ऑस्ट्रेलिया होता, दोन्ही वेळा हरलो. 1983 आणि 2011 साली, म्हणजे आपण विश्वचषक उचलला तेव्हा, यष्टींमागे सय्यद किरमाणी आणि महेंद्रसिंग धोनी असे पूर्णवेळ कीपर होते. एखाद्या लेखापरीक्षकाने यावर लाल शाईने शेरा मारला असता. पण मार्च 2025 मध्ये राहुलने अतिरिक्त कार्यभारावरच दुबईहून चॅम्पियन्स ट्रॉफी आणली आणि पूर्णवेळ पद भरायचा प्रस्ताव बासनात गेला. अपयशाने जे पद भरलं नाही, ते यशाने थोडंच भरणार!

किरमाणींचं उदाहरण सतत धास्तीत असणाऱ्या कीपरवर्गाला धीर देणारं आहे. 1979 च्या इंग्लंड दौऱ्यातून त्यांना वगळून भरत रेड्डींना नेलं. चार वर्षांनी त्याच इंग्लंडमध्ये, टनब्रिज वेल्सला, कपिल देवच्या नाबाद 175 धावांच्या वेळी नवव्या विकेटसाठी 126 धावांची अभेद्य भागीदारी करताना पलीकडे किरमाणीच उभे होते. सर्वोत्तम यष्टिरक्षकाचं बक्षीसही तिथेच मिळालं. सदानंद विश्वनाथांना मात्र इतका अवधी मिळाला नाही. 1985 मध्ये ऑस्ट्रेलियातली बेन्सन अँड हेजेस स्पर्धा त्यांच्या आरड्याओरड्याने आणि हातांनी गाजली, आणि कसोटी कारकीर्द तीन सामन्यांत संपली.

आता कोणी म्हणेल, निवड समितीवर बसणाऱ्यांना कीपिंगची कदरच नाही. हा आरोप साफ खोटा आहे. ताम्हाणे निवड समितीवर होते. किरमाणी, किरण मोरे आणि एम. एस. के. प्रसाद हे तर अध्यक्ष झाले. एक कसोटी खेळलेले सबा करीम निवडकर्ते झाले, सहा खेळलेला रात्राही झाला. ज्यांना येता-जाता काढलं, त्यांनाच आपण काढण्याचं काम दिलं. अनुभवाचा इतका चोख उपयोग दुसऱ्या कुठल्या खात्यात होत नाही.

आणि गंमत अशी की या पदाचा सगळ्यात मोठा भरणा कीपरच्याच हातून झाला. दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात दासगुप्ताऐवजी रांचीच्या एका पोराला ग्लोव्हज द्यावेत, यासाठी गांगुली आणि दासगुप्ताला पटवण्यात दहा दिवस गेले, असं मोरे यांनीच नंतर सांगितलं आहे. दहा दिवसांच्या त्या मनधरणीतून पुढे 90 कसोटी आणि यष्टींमागचे 294 बळी निघाले. त्या काळात दिनेश कार्तिक आणि पार्थिव पटेल प्रतीक्षा यादीतच मोठे झाले. दोघांनाही कसोटीत परत यायला आठ-आठ वर्षं लागली. धोनी गेल्यापासून समिती पुढचा कीपर शोधतच नाही, मागचा धोनी शोधते. तो सापडत नाही याचं खापर मग दर मालिकेत एखाद्या नव्या पोरावर फुटतं.

म्हणून एक नम्र सूचना. दिवसाची 90 षटकं म्हणजे 540 चेंडू. कीपर 540 वेळा उकिडवा बसतो आणि 540 वेळा उठतो. त्यातले 539 चेंडू त्याने नीट घेतले तर त्याचं नाव कोणी घेत नाही, आणि एक सुटला तर रात्री टीव्हीवर तो बारा वेळा सुटतो. तेव्हा निवड समितीने पुढच्या बैठकीतून खुर्च्या काढून टाकाव्यात. सगळ्यांनी उकिडवं बसून चर्चा करावी, आणि पहिलं सत्र संपेपर्यंत ज्याच्या तोंडून 'फलंदाजीची सरासरी' हे शब्द निघतील त्याने पुन्हा पहिल्यापासून बसावं.

ही सूचना रीतसर अर्ज करून पाठवायला माझी हरकत नाही. उत्तर काय येणार तेही ठाऊक आहे: 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी फलंदाजी विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.'