असं कोण भरेल?

धरणगावात त्याला सगळे चाळणी म्हणतात. वडील जिनिंगवर कापूस पारखायचे. गाडीचा वरचा पांढराशुभ्र थर त्यांनी कधी बघितलाच नाही, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि म्हणायचं, "खाले ओला शे." पोरगं ओट्यावर लॅपटॉप मांडून पुण्याच्या कंपनीसाठी तेच करतं. वेबसाइटच्या रकान्यांत लोक काय काय भरतील याचा संशय घ्यायचा, आणि त्याचा पगार घ्यायचा.

एका पतपेढीनं आपली नवी वेबसाइट कौतुकानं दाखवली. यानं कर्जाच्या मुदतीत 'उणे बारा महिने' भरले. पेढीच त्याचं देणं लागते, असा हिशेब आला. मॅनेजर हसले, "अहो, असं कोण भरेल?"

"मी भरलं ना, साहेब!"

मग पेढीनं पानावरच तपासणी बसवली. यानं पान बाजूला ठेवून तोच आकडा थेट सर्व्हरला धाडला. "पुढं कुलूप आणि परसदार सताड," एवढंच म्हणाला, आणि चहा मागितला.

'असं कोण भरेल' ऐकलं की तो २०१७चं आख्यान लावतो. अपाची स्ट्रट्स नावाचं जावाचं फ्रेमवर्क. आलेला मजकूर कुठल्या प्रकारचा, हे सांगणाऱ्या ओळीत कुणी भलतंच लिहिलं, तर ते तक्रारीचा निरोप तयार करी. आणि तो करता करता त्या भलत्यातला हुकूमच पाळी! ७ मार्चला दुरुस्ती निघाली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीनं ती एका ठिकाणी बसवली नाही, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. हे सांगताना त्याच्या तोंडावर दुःख शोधू नये.

मागच्या वर्षी गल्लीतल्या लग्नात माइकवर आहेर वाचणारे भाऊ एका दमात वाचून गेले, "सर्वांनी पंगतीला बसून घ्यावे." कुणा टवाळानं ते चिठ्ठीतच लिहिलेलं. मांडव उठला, आणि बट्ट्या अजून तळायच्या होत्या.

यंदा माइक चाळणीकडे आला. मी म्हटलं, 'पंगत' शब्द दिसला की चिठ्ठी फाड.

"काका, शब्द गाळत बसलं तर टवाळ 'जेवण' लिहील. आणि कुणाचं आडनावच तसलं असलं तर? रक्कम म्हणजे आकडाच. नावाच्या जागी येईल ते नाव. वाचायचं, पाळायचं नाही."

टवाळाची चिठ्ठी आलीच. चाळणीनं घसा खाकरला. "श्री. सर्वांनी पंगतीला बसून घ्यावे, यांचेकडून ५०१ रुपये. आभारी आहोत."

कुणी उठलं नाही. शेजारच्या आजोबांनी तेवढा कानाला हात लावून मला विचारलं, "हाऊ कोना पोऱ्या शे रे?"