मामांनी कार्ड मागितलं

आमच्या चाकणच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं एकत्र कुटुंब होतं. ते मोडून मी वाटण्या केल्या. स्टॉक वेगळा, डिस्पॅच वेगळा, गेटपास वेगळा. आता प्रत्येकाची चूल निराळी, बोलणं फक्त एपीआयवरून. बाहेरच्या गेटवेला मी जाडजूड कुलूप ठोकलं. आतल्या सर्व्हिस मात्र एकमेकींना काहीच विचारत नसत. घरच्या माणसाला काय विचारायचं?

गंमत म्हणजे महिनाभरापूर्वी मीच सुरक्षेवर भाषण ठोकलं होतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर 2018 च्या ऑगस्टमध्ये पडलेला 94 कोटींचा दरोडा अगदी रंगवून सांगितला होता. एटीएमचा निरोप चोरांनी बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचूच दिला नाही. मधल्या खोट्या स्विचनेच परस्पर ‘द्या पैसे’ म्हणून टाकलं आणि 28 देशांतली एटीएम नोटा मोजत बसली. ‘आतून आलेला निरोप खराच असतो असं समजू नका,’ मी बजावलं. टाळ्याही घेतल्या.

मग एका दुपारी कँटीनचा वरणभात अंगावर आला असताना मी चाचणीची स्क्रिप्ट सोडली. पत्ता मात्र चालू सिस्टिमचा राहिला होता. गेटपास सर्व्हिसने ‘तू कोण?’ एवढंसुद्धा विचारलं नाही.

पाच मिनिटांत गेटवरून वॉचमन मामांचा फोन. “साहेब, प्रिंटर येडा झालाय. तीनशे पास आलेत अन् बाहेर गाडी एकच. तीपण भंगारवाल्याची.”

“सोडली?”

“अशी कशी सोडू? स्टोअरला फोन केला. ते म्हणाले, आम्ही काय काढलेलंच नाही.”

हे मामा मला रोज सकाळी कार्ड मागतात. “कालच बघितलं ना?” म्हटलं की, “ते कालचं झालं.” आजवर मला याचा राग यायचा.

त्या आठवड्यात मी प्रत्येक सर्व्हिसला स्वतःचं सर्टिफिकेट दिलं. बोलण्याआधी दोघींनी एकमेकींना ते दाखवायचं. डिस्पॅचने स्टॉक फक्त वाचायचा, हात लावायचा नाही. टोकनची मुदत पाच मिनिटं, गेटपासचीही तेवढीच.

रात्री नऊला लॅपटॉप घेऊन निघालो. मोबाइलवर पास काढला आणि दोन शेड ओलांडून, वाटेत एकाशी गप्पा मारत गेटवर पोचलो. मामांनी स्कॅन केला. लाल.

“मुदत संपलीय, साहेब.”

“अहो, ही मुदत मीच घातलीय!”

“मग बराबर हाय की.”

पुन्हा पास काढावा, तर मोबाइलची बॅटरी गेलेली. लॅपटॉप रात्रभर मामांच्या केबिनमध्ये राहिला, त्यांच्या डब्याशेजारी. मामांनी त्याची रजिस्टरात नोंद केली आणि माझी सही घेतली. सही घेण्याआधी कार्ड मागितलं.