लवचीक स्ट्राइक झोनच्या बाजूने

सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या इनिंगला जो स्ट्राइक, तोच सातव्या इनिंगला स्ट्राइक देणाऱ्या पंचांचं कौतुक आपण नेहमी ऐकतो. तक्रार ऐकून झोन हलवणाऱ्या पंचांविषयी मात्र कुणी चार चांगले शब्द लिहीत नाही. ही उणीव भरून निघायला हवी.

नियमपुस्तक फार ताठर आहे. होम प्लेट १७ इंच रुंद. झोनची उंची बॅटरच्या शरीरावरून, तिच्या नेहमीच्या स्टान्सवरून ठरते. चेंडू प्लेटवरून कुठून गेला एवढंच पाहायचं, कॅचरनं तो कुठे पकडला ते नाही. महिलांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते आणि वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास प्लेटवर येतो. एवढ्या वेळात एका माणसानं कुणालाही न विचारता निकाल द्यायचा, हे लोकशाहीत कसं बसतं? त्यात बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर प्रोटेस्टही करता येत नाही. नियम चुकीचा लावला तर करता येतो. पंचाच्या नजरेविरुद्ध नाही. मग प्रशिक्षकानं दाद मागायची कुठे?

शालेय स्पर्धांतल्या आपल्या काही पंचांनी हे दार उघडं ठेवलं आहे. पहिल्यांदा ‘सर, किती खाली होता!’ अशी हाक आली की ते ऐकतात. दुसऱ्यांदा विचार करतात. तिसऱ्यांदा झोनची खालची कड चार बोटं वर सरकते. मग समोरच्या डगआउटमधूनही आवाज येतो आणि न्यायबुद्धीनं बाहेरची कडही थोडी आत घेतली जाते. चौथ्या इनिंगपर्यंत झोन असा तयार होतो की त्यात दोन्ही बाजूंच्या भावनांचा आदर असतो. चेंडू कुठे टाकायचा हे पिचरला कळेनासं होतं हे खरं, पण तिनं आपल्या प्रशिक्षकांना थोडं मोठ्यानं बोलायला सांगावं. मार्ग सर्वांना खुला आहे.

त्याहून मोठा गुण म्हणजे भरपाई. प्लेटच्या वीतभर बाहेरचा चेंडू स्ट्राइक दिला गेला, तर असा पंच ते मनात ठेवतो आणि पुढच्या संधीला मधोमध आलेला चेंडू बॉल देतो. ज्या बॅटरवर पहिला अन्याय झाला ती एव्हाना डगआउटमध्ये बसलेली असते आणि भरपाई तिसऱ्याच मुलीला मिळते, हा तपशील झाला. हिशेब संघाच्या खात्यावर बरोबर जुळतो. नुकसान एकाचं आणि मदत दुसऱ्याला, या व्यवहाराची आपल्याला नागरिक म्हणून चांगली सवय आहे.

आता त्या मुलीविषयी, जिच्या संघाबरोबर ओरडणारं कुणी येत नाही. तालुक्याच्या शाळेचा संघ, सोबत एक शिक्षक, तेही पेपर तपासायचे सोडून आलेले. मुलीला शिकवलंय की पंचांशी वाद घालायचा नाही. तिच्यासाठी झोन घोट्यापासून सुरू होतो. कुठून तरी तो भरून काढावा लागतोच ना! तिसरा स्ट्राइक घोट्याजवळून जातो, ती काही न बोलता बॅट उचलून परत जाते, संघ जिल्ह्यातच थांबतो. वरच्या स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण असतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असतं. पण तिनं काहीच तक्रार केली नाही, म्हणजे ती समाधानी असणार. पंचानं न बोललेलं कसं ऐकावं?

कुणी म्हणेल, पंचानं पहिल्याच इनिंगला झोन दाखवून द्यावा, ‘तो खाली होता’ एवढं एक वाक्य बोलावं, दुसऱ्या वेळी ताकीद द्यावी आणि पुढचा चेंडू मागवावा. असे पंचही आहेत. त्यांच्या सामन्यांत दुसऱ्या इनिंगनंतर शांतता असते, मुली फक्त खेळत राहतात आणि प्रशिक्षकांना सहभागाची काही संधीच उरत नाही.

तेव्हा पालकहो, यंदा मुलीला सॉफ्टबॉलला पाठवणार असाल तर ग्लोव्ह आणि हेल्मेटचा खर्च नंतर पाहा. आधी संघाबरोबर जाणाऱ्या सरांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो का, याची खात्री करून घ्या.