काटेरी अक्षरांचा मान

आमच्या बैठकीत देवांच्या फोटोंशेजारी माझं एक सर्टिफिकेट टांगलेलं आहे. चौथीत लिंबू-चमचा शर्यतीत माझा दुसरा नंबर आला होता. धावलो तिघंच, आणि तिसऱ्याचं लिंबू गटारात गेलं. पण छापखान्यानं मजकूर त्या टोकदार, काळ्या, राजवाड्याच्या कुंपणासारख्या इंग्रजी अक्षरांत छापला. घरात कुणालाच तो वाचता येईना, म्हणून आईनं ताबडतोब फ्रेम करून आणली. पाहुणे चष्मा पुसून बघायचे आणि "वा!" म्हणायचे. एका मामांनी "बोर्डात आला का?" विचारलं, तेव्हा वडील नुसतेच हसले.

ही ब्लॅकलेटर अक्षरं. मूळची रुंद टोकाच्या लेखणीची, म्हणजे आपल्या बोरूच्या लांबच्या नात्यातली. गोलाई मोडून कोपरे काढायचे आणि अक्षरं खेटून बसवायची, म्हणजे महागाच्या चर्मपत्रावर मजकूर जास्त मावतो. जर्मन फ्राक्टुर तर नावानंच मोडकी, आपल्या फ्रॅक्चरची सख्खी बहीण. १४५५च्या सुमारास गुटेनबर्गनं बायबल छापलं तेही याच घराण्यातल्या टाइपात, पानाला बहुधा ४२ ओळी.

वाचायचं म्हणाल तर 'मिनिमम' हा शब्द घ्या. जुन्या पद्धतीनं लिहिला की पंधरा उभे दांडे, सगळे सारखे, रेशनच्या रांगेसारखे. त्यात आय कुठला ते कळावं म्हणून त्याच्या डोक्यावर खूण करायची पद्धत पडली. तेच आजचं टिंब! कॅपिटल अक्षरं मात्र नटूनथटून येतात, म्हणून शब्दात एकच घ्यायचं. आमच्या कंपोझिटरनं माझं अख्खं आडनाव कॅपिटलात जुळवलं होतं. एका मांडवात सात नवरदेव.

जर्मनांनी हे वळण शतकानुशतकं जपलं. नाझींनाही आधी त्याचं भारी कौतुक. मग ३ जानेवारी १९४१ला त्यांच्याच बोरमान नावाच्या नेत्यानं फर्मान काढलं, की ही अक्षरं मुळात ज्यूंची, बंद करा. म्हणणं धादांत खोटं होतं, आणि फर्मानाच्या लेटरहेडवर पक्षाचं नाव त्याच काटेरी अक्षरांत! वाचून पाहिलं नसावं. माझ्या सर्टिफिकेटचंही तेच.

गेल्या दिवाळीत मुलगी घरी आली. ती टाइप डिझाइन शिकते. फराळाची ताटली हातात धरून ती फ्रेमसमोर उभी राहिली आणि सगळ्या नातेवाइकांदेखत खडाखडा वाचू लागली. शर्यतीचं नाव आलं तशी मामांची चकली हातातच राहिली.

"आणि बाबा, लेमनचं स्पेलिंग चुकलंय. शेवटी एनऐवजी यू पडलाय. या टाइपात दोन्ही जुळे दिसतात ना!"

चाळीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बैठकीत सामसूम. आईनं पदरानं फ्रेमची काच पुसली.

"फ्रेंच असेल," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.