‘मोह’ नावाच्या खोलीतून

श्रीमान मालकसाहेब यांस,


ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात आपण उभारलेल्या पर्यावरणस्नेही लाकडी कुटीत मार्चअखेर दोन रात्री राहण्याचा योग आला. लेकीने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून या कुटीचं आरक्षण करून दिलं होतं. आपले आभार मानल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे पत्र.

चंद्रपूरच्या उन्हात आपण खोली अठरा अंशांवर गार करून ठेवलीत. आपल्या कृपेने दुपारी पांघरूण घेऊन झोपलो. याच जिल्ह्यात २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे आणि कोळसा जाळून वीज होते म्हणजे काय होतं, हे चंद्रपूरकरांना छातीत भरलेल्या धुरावरून कळतं. न्हाणीघरातल्या पाटीवर मात्र टॉवेल दोनदा वापरून पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी आपण आमच्यावर सोपवलीत. ती आम्ही पार पाडली.

कुटीमागे डुंबायला खासगी कुंड दिलंत. पाणी काठोकाठ होतं. फाटकाबाहेरच्या हातपंपाशी हंडे रांगेत होते, तेही आपल्या गच्चीवरून स्पष्ट दिसले.

आणि ती हिरवळ! आसपासचं सगळं रान पिवळं पडलेलं असताना आपण रोज संध्याकाळी तिला पाणी देता. ओल्या गवतावर चितळं येतात, चितळांमागे बिबट्या येतो. पाहुण्यांना खुर्चीतून न उठता तो दिसतो, म्हणून हिरवळीसमोरच्या खोल्यांचा दर जास्त आहे, असं आपल्या व्यवस्थापकांनी आदबीने सांगितलं. बिबट्या परत कुठून जातो, हे मी त्यांना विचारलं. गावाकडून जातो म्हणाले. तिथे गोठे आहेत, अंगणात निजलेली पोरं आहेत. आपल्या माहितीपत्रकात त्या जागेला नुसतं ‘परिसर’ म्हटलं आहे.

आमच्या खोलीचं नाव ‘मोह’. दारापुढेच मोहाचं जुनं झाड उभं होतं. झाड न तोडता त्याच्या भोवतीने ओटा बांधलात, याबद्दल आपले खरंच आभार. पहाटे जाग आली ती फुलं टपटपण्याच्या आवाजाने. बाहेर आले तर ओट्यावर पिवळसर फुलांचा सडा आणि त्यांचा तो गोड, आंबूस वास. एवढ्यात आपला माणूस खराट्याने सगळी फुलं लोटून पोत्यात भरू लागला. पाहुण्यांच्या पायाला चिकटतात, म्हणाला. पोतं कचऱ्याच्या खड्ड्यात रिकामं झालं.

खोली झाडायला आलेल्या बाईंनी ते पाहिलं. त्या गोंड आहेत, शेजारच्याच गावच्या. त्यांनी सांगितलं, हे झाड पूर्वी शेताच्या बांधावर होतं आणि त्यांच्या सासूपासून घरातल्या बाया इथली फुलं वेचत. वाळवून विकायची, भाकरीत घालायची, भर उन्हाळ्यात घराला तेवढाच आधार. आता तारेचं कुंपण आहे, फाटकावर पहारेकरी आहे. मग फुलं कुठून आणता, मी विचारलं.

“आता लय दूर जा लागते जी,” त्या म्हणाल्या. “अंधारातच निघतो.”

मालकसाहेब, मोहाची फुलं पहाटे पडतात. उशीर झाला तर जनावरं खाऊन जातात. बाया फटफटायच्या आधी रानात शिरतात, फुलं वेचायला खाली वाकतात. त्या वेळी वाघही फिरत असतो आणि वाकलेलं माणूस त्याला माणसासारखं दिसत नाही. मोहाच्या हंगामात चंद्रपूरच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात. आपण त्या वाचत असाल. गावाजवळचं एक झाड कुंपणात गेलं की बाई रानात किती आत जाते, हा हिशेब आपल्यासारख्या कर्तबगार माणसाला अवघड जाऊ नये.

माहितीपत्रकात आपण तारूची गोष्ट फार सुंदर छापली आहे. वाघाशी झुंजताना गेलेला गोंडांचा गावप्रमुख, ज्याच्या नावावरून ताडोबा नाव पडलं असं सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात लोक दर्शनाला येतात. ही गोष्ट आम्हाला जेवणानंतर शेकोटीपाशी ऐकवली गेली. सांगणारा मुंबईचा होता. थाळ्या उचलत होत्या त्या तारूच्या लोकांतल्याच बाया.

वाघाला मोकळं रान मिळावं म्हणून प्रकल्पाच्या गाभ्यातून बोटेझरी उठली, जामणी उठली, नवेगाव उठलं. लोकांनी घरं सोडली, देव मागे ठेवले. आपल्याकडे मागणं त्या मानाने फारच लहान आहे. मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत, पहाटे पाच ते सात, मागचं फाटक उघडं ठेवावं. खराटा दोन तास उशिराने फिरवावा. उन्हाळाभर हिरवळीचं पाणी बंद करावं.

पाहुण्यांच्या पायाला फुलं चिकटतील. माझ्या चपलेला चिकटलेली अजून निघालेली नाहीत.

खड्ड्यातून मी ओंजळभर फुलं उचलली आणि निघताना त्या बाईंच्या पदरात घातली. फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना थांबवलं, पदर उघडायला लावला आणि फुलं काढून घेतली. आपल्या मालमत्तेची एवढी काळजी घेणारा माणूस आपण नेमला आहे, हे आपल्या कानावर घालणं मला आवश्यक वाटलं.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
दोन रात्रींची पाहुणी