रा. रा. डीआरएमसाहेब यांस

रा. रा. डिजिटल राइट्स मॅनेजमेंट ऊर्फ डीआरएमसाहेब यांसी,
कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले जाहीर आभार मानायचे राहून गेले होते. पैसे आम्ही मोजतो, गाणं आमच्या कॉम्प्युटरवर उतरतं, त्याला कुलूप आपण घालता आणि किल्ली दुकानदाराकडे ठेवता. एवढी काळजी सख्खे नातेवाईकही घेत नाहीत.

कोणता प्लेअर चांगला, हा वादही आपण कायमचा मिटवलात. १९९७ साली विनॲम्प आला तेव्हा एमपीथ्री फाइल त्यावर ओढली की वाजायची, ती कुठून आली हे तो विचारत नसे. पुढचा फूबार २००० दिसायला रुक्ष, पण तोही तसाच मोकळा. आपण आलात आणि प्लेअरांत सोवळं-ओवळं आणलंत. आयट्यून्सच्या दुकानातलं गाणं आयट्यून्स आणि आयपॉडवरच वाजणार. विंडोज मीडियाचं कुलूपबंद गाणं आयपॉडला चालणार नाही. सोनीच्या दुकानातलं गाणं सोनिकस्टेजमधून सोनीच्याच वॉकमनवर जाणार. आवाज कुणाचा चांगला, यादी कुणाची नीट लागते, हे बघायचं कारणच उरलं नाही. दुकान ठरलं की प्लेअर ठरला.

मायक्रोसॉफ्टचं तर विशेष कौतुक. २००४ साली त्यांनी दुकानांना आणि प्लेअरांना ‘प्लेज फॉर शुअर’चा शिक्का दिला. २००६ मध्ये स्वतःचा झून प्लेअर काढला. त्या शिक्क्याची कुलूपबंद गाणी झूनवर वाजत नव्हती!

२००५ मधली आपली सेवा कशी विसरू? सोनी बीएमजीच्या काही सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की आपलं एक सॉफ्टवेअर खोलवर दडून बसायचं. ते दिसू नये म्हणून विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्याच फाइली लपवायचं, आणि मग व्हायरसवाल्यांनीही त्याच आडोशाला मुक्काम केला. मूळ सीडी दुकानातून विकत घेणाऱ्याला हे बक्षीस होतं. कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या.

पण आपला खरा पराक्रम २००८ चा. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाच्या ग्राहकांना एप्रिलमध्ये कळवण्यात आलं की ३१ ऑगस्टनंतर परवाने देणारा सर्व्हर बंद होईल. म्हणजे नेमकं काय? जुन्या कॉम्प्युटरवर गाणी वाजतील. कॉम्प्युटर बदला किंवा विंडोज नव्याने टाका, की प्लेअर परवाना मागायला निघणार आणि पलीकडे कुणी नसणार. फाइल जागेवर, गायिकेचं नाव दिसतंय, कव्हरचं चित्र दिसतंय, आवाज मात्र नाही. ओरड झाली तेव्हा मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. २००८ मध्येच याहूनेही आपल्या गाण्यांच्या दुकानाचा सर्व्हर बंद करायचं ठरवलं. त्यांनी निदान भरपाई देऊ केली. ही सगळी माणसं पैसे देणारी होती, साहेब. याचा मला आजही राग येतो.

आणि चोर? त्याला आपण हातही लावला नाहीत. तीच गाणी बहुतेक सीडींवर बिनकुलपाची मिळत होती. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये हेच जाहीरपणे मांडलं : आदल्या वर्षी सीडींवरून २० अब्जांहून अधिक गाणी कुलपाविना विकली गेली, ऑनलाइन दुकानांतून कुलपासकट विकली गेलेली २ अब्जांहून कमी. २००९ मध्ये ॲपलने आपल्याला आयट्यून्सच्या दुकानातून निरोप दिला. जुनी गाणी सोडवायची तर गाण्यामागे ३० सेंट मोजा, अशी सोयही ठेवली.

आपल्याशिवाय चालतं का? फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं दुकान काढून साध्या एमपीथ्री विकल्या. २०१३ च्या जूनमध्ये ते बंद पडलं. ज्यांनी त्या गाण्यांच्या प्रती जपल्या, त्यांची गाणी आजही कुठल्याही प्लेअरवर वाजतात.

आता आपण नाव न सांगता स्ट्रीमिंगच्या ‘डाउनलोड’मध्ये येऊन राहिला आहात, हे आम्हाला ठाऊक आहे. कोकण रेल्वेने निघालो होतो. प्रवासासाठी मुद्दाम उतरवून घेतलेली गाणी लावली, तर ॲप म्हणालं, आधी ऑनलाइन येऊन खातं तपासून घ्या. गाडी तेव्हा करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात होती. वर्गणी चालू होती, गाणी फोनमध्ये होती, परवानगी तेवढी नव्हती.

भाड्याने ऐकायला आमची ना नाही. वर्गणी आम्ही आनंदाने भरू. पण जे ‘विकत घ्या’ म्हणून विकलं जातं, त्यावरून आपण कृपा करून कायमचे उठा. कलावंताला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, आणि ते देणारे आम्हीच आहोत.

कळावे,
आपल्या कुलपाआडचा एक ग्राहक

ता. क. वाचकहो, गाणं विकत घेताना आधी एकच घ्या आणि ते दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजवून पाहा. वाजलं नाही, तर त्या दुकानातून दुसरं घेऊ नका.